उपवास केला की ऑटोफॅजीने कॅन्सर मरतो का? रेडिएशन चालू असलेल्या पेशंटच्या मुलाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. वडिलांचं, म्हणजे अण्णांचं वय ५८, बीड जिल्ह्यातले शेतकरी, कित्येक वर्षांची तंबाखू-चुन्याची सवय, गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आता रेडिएशनचा तिसरा आठवडा चालू आहे आणि सोबत दर आठवड्याला सिसप्लॅटिनची केमो. दोन महिन्यांपूर्वी, ऑपरेशनच्या आधी, वजन ५२ किलो होतं ते आता ४७ वर आलंय. त्यात तुमच्या मेव्हण्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला की जपानी शास्त्रज्ञाला यासाठी नोबेल मिळालंय, तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहिलं की ऑटोफॅजी सुरू होते आणि शरीर कॅन्सरच्या पेशी खाऊन टाकतं. अण्णा पण आता म्हणायलेत की तसंही गिळताना जीव जातोय, मग उपवासच करतो, एकादशी आलीच आहे. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की कुणीतरी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या गोळ्या सुचवल्यात, त्या द्यायच्या का.

आधी सरळ उत्तर, कारण घरात निर्णय आजउद्याच व्हायचाय. उपवास करू देऊ नका, तीन दिवसांचा तर नाहीच नाही, आणि गोळ्याही स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आता कारणं सांगतो, कारण 'डॉक्टर नको म्हणतेत' एवढ्यावर घरात कुणाचं समाधान होत नाही आणि व्हायलाही नाही पाहिजे. मी रेडिएशनचा डॉक्टर, लातूर-बीड-धाराशिव पट्ट्यातले तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचेच पेशंट जास्त बघतो, आणि हा व्हिडिओ किंवा असाच दुसरा एखादा आजकाल ओपीडीत कुणी ना कुणी मोबाइलवर उघडून दाखवतंच.

तुमचा प्रश्न वरवर 'ऑटोफॅजी चांगली की वाईट' असा दिसतो. पण त्याला उत्तरच नाही, कारण ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःच्याच आतला खराब झालेला भाग मोडून परत वापरणं, ही शरीरातल्या जवळपास सगळ्याच पेशींमध्ये चालणारी गोष्ट आहे, निरोगी पेशीत पण आणि कॅन्सरच्या पेशीत पण. खरा प्रश्न असा की अण्णांच्या आजच्या अवस्थेत, ४७ किलो वजनात, रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यात उपवास करून ऑटोफॅजी वाढवली तर तिचा फायदा कुणाला होणार, अण्णांना की उरलेल्या कॅन्सरच्या पेशींना. मी जे काही खाली लिहितोय ते सगळं याच एका प्रश्नाभोवती आहे.

व्हिडिओत सगळंच खोटं नाहीये, म्हणून तर तो पटतो. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं हे खरं, आणि ते ऑटोफॅजीवरच्या कामासाठीच मिळालं हेही खरं. पण त्यांनी काम केलं यीस्टवर, म्हणजे ब्रेड फुगवायला वापरतात त्या जातीच्या एकपेशीय बुरशीवर. यीस्टला उपाशी ठेवलं की तिच्या आत काय काय होतं ते त्यांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि १९९३ मध्ये त्यासाठी लागणारे पंधरा जीन शोधून काढले. ऑटोफॅजी हे नाव आणि कल्पना त्याच्याही आधीची, १९६३ ची, क्रिस्तियाँ द दूव्ह या बेल्जियन शास्त्रज्ञाची. या सगळ्यात कुठेही 'उपवास करा, कॅन्सर जाईल' असं नाही. नोबेल मिळालं ते ही यंत्रणा चालते कशी हे उलगडल्याबद्दल, कुठल्या उपचाराबद्दल नाही.

आणि एक मोठा गैरसमज इथेच दूर करतो कारण सगळा गोंधळ त्यातून होतो. ऑटोफॅजीत एक पेशी दुसऱ्या पेशीला खात नाही. शरीरातल्या चांगल्या पेशी उठून कॅन्सरच्या पेशींवर तुटून पडल्या असं काही नसतं, ते काम थोडंफार करतात त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, तो विषय वेगळा. ऑटोफॅजी म्हणजे एकाच पेशीच्या आतला कारभार: खराब झालेली प्रोटीन, निकामी मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा तयार करणारे भाग) याच्याभोवती दुहेरी पडद्याची एक पिशवी तयार होते, ती पिशवी लायसोसोम नावाच्या आम्ल भरलेल्या भागाला जाऊन मिळते, आतलं सगळं विरघळतं आणि त्याचे तुकडे पेशी परत वापरते. दुष्काळात शेतकऱ्याचं घर कसं चालतं ते आठवा. चांगल्या वर्षी मोडकंतोडकं सामान भंगारात जातं आणि घर साफ राहतं, पण पाऊसच पडला नाही तर त्याच घरातली एक एक वस्तू विकून पीठमीठ येतं आणि घर तगतं. पण तगतं कुणाचं, तर ज्याने विकलं त्याचंच. कॅन्सरच्या पेशीने ऑटोफॅजी केली तर तगते ती कॅन्सरचीच पेशी.

आता सिग्नलचं बघू. पेशीला बाहेर अन्न आहे की नाही हे कसं कळतं? मुख्य दोन प्रोटीन लक्षात ठेवली तरी पुरे, एमटॉर आणि एएमपीके. जेवण झालं, इन्सुलिन वाढलं, अमिनो आम्लं पोचली की एमटॉर जोरात चालतं, ते पेशीला सांगतं की वाढ, प्रोटीन बनव, दोनाच्या चार हो, आणि त्याच वेळी ऑटोफॅजी दाबून धरतं. उपाशी राहिलं, पेशीतली ऊर्जा कमी झाली की एएमपीके जागं होतं, एमटॉर थंड पडतं आणि ऑटोफॅजी सुरू होते. दोघंही एकाच ठिकाणी बोट ठेवतात, यूएलके-वन नावाच्या एन्झाइमवर, एक त्याला थांबवतं आणि दुसरं चालू करतं. इथपर्यंत व्हिडिओवाल्याचं बरोबर आहे.

पुढे त्याचं चुकतं. कॅन्सर म्हणजे नेमकं काय, तर हे सिग्नल बिघडलेली पेशी. तोंडाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचं रिसेप्टर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं, ते सतत आत सांगत राहतं की वाढ, वाढ. काहींमध्ये त्याच्या पुढच्या साखळीतला पीआय-थ्री-के नावाच्या प्रोटीनचा जीन बिघडलेला असतो, म्हणजे बाहेरून सांगावा आला काय न आला काय, आतून तो चालूच. काहींमध्ये त्या साखळीला आवर घालणारं पीटेन नावाचं प्रोटीनच गायब असतं. तंबाखूमुळे झालेल्या कॅन्सरमध्ये पी-५३ तर बहुतेकांचं बिघडलेलंच सापडतं. अशा पेशीला उपवासाचा सिग्नल पोचेल का? याचं थेट उत्तर २००९ मध्ये कलानी आणि साबातिनी या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांवर शोधलं. त्यांनी उंदरांचं खाणं कमी केलं तेव्हा काही गाठींची वाढ मंदावली, पण ज्या गाठींमध्ये पीआय-थ्री-केची साखळी आतूनच चालू होती त्यांच्यावर फारसा फरकच पडला नाही. उंदीर उपाशी राहिला, गाठ वाढतच राहिली. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो कारण त्यातून कळतं की उपवासाचा सांगावा ऐकते ती निरोगी पेशी, आणि ज्या पेशीने तो ऐकावा म्हणून आपण जेवण सोडतोय ती ऐकेलच याचा काही भरवसा नाही.

पण मग ऑटोफॅजी कॅन्सरपासून वाचवते असं जे म्हणतात ते कुठून आलं? तेही खरंच आहे, फक्त ते कॅन्सर होण्याच्या आधीचं आहे. १९९९ मध्ये बेथ लेव्हिन यांच्या गटाने दाखवलं की ऑटोफॅजीला लागणारा बेक्लिन-वन हा जीन स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये कमी पडलेला असतो आणि तो परत घातला की त्या पेशींची वाढ कमी होते. पुढे ज्या उंदरांमध्ये या जीनची एकच प्रत ठेवली त्यांना आपोआप जास्त गाठी झाल्या. कारण समजण्यासारखं आहे, पेशीतला कचरा निघाला नाही की खराब मायटोकॉन्ड्रियामधून घातक ऑक्सिजनचे कण निघत राहतात, डीएनए बिघडतो, सूज राहते, पी-६२ नावाचं प्रोटीन साचतं आणि तेच उलट वाढीचे सिग्नल चालू करतं. म्हणजे निरोगी पेशीत ऑटोफॅजी नीट चालली तर कॅन्सरची सुरुवात व्हायला अडसर येतो.

पण याच विषयातला एक प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. उंदरांच्या लिव्हरमधली ऑटोफॅजी जीन काढून पूर्ण बंद केली. गाठी झाल्या, ठरल्याप्रमाणे. पण त्या सगळ्या साध्याच राहिल्या, कॅन्सरमध्ये बदलल्या नाहीत. म्हणजे ऑटोफॅजी नसेल तर गाठ सुरू होते, पण गाठीला पुढे जाऊन खरा कॅन्सर व्हायचं असेल तर तिलाच ऑटोफॅजी लागते. २०११ पासून केरास नावाचा जीन बिघडलेल्या फुप्फुसाच्या आणि स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर जे काम झालं त्यातही हेच निघालं, त्या गाठी ऑटोफॅजीवर अक्षरशः जगतात, आणि ती बंद केली की त्यांची वाढ खुंटते.

का जगतात ते पण सांगतो. गाठ वाढते तशा रक्तवाहिन्या तेवढ्या वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे आतल्या भागात ना ऑक्सिजन पुरेसा ना साखर. तिथली पेशी ऑटोफॅजी करूनच दिवस काढते. गाठीतून सुटून रक्तात गेलेल्या पेशीला आधार नसतो, आधार सुटलेली साधी पेशी मरते, कॅन्सरची पेशी ऑटोफॅजीच्या जोरावर टिकून राहू शकते आणि दुसरीकडे जाऊन बसू शकते. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तर शेजारच्या आधार देणाऱ्या पेशी स्वतःची ऑटोफॅजी करून त्यातून निघालेलं अ‍ॅलनिन गाठीला खायला घालतात. आणि २०२० मध्ये त्याच कॅन्सरमध्ये असं दिसलं की गाठीतल्या पेशी ऑटोफॅजी वापरून पृष्ठभागावरचं ते प्रोटीनच मोडून टाकतात ज्यावरून प्रतिकारशक्तीला कळतं की ही पेशी बिघडलेली आहे. हे सगळं तोंडाच्या कॅन्सरला जसंच्या तसं लावता येत नाही, प्रत्येक कॅन्सरचं वेगळं असतं, काही ठिकाणी उंदरांमध्ये ऑटोफॅजीने पसरणं कमी झाल्याचंही दिसलंय. पण झालेला, वाढलेला कॅन्सर ऑटोफॅजीचा स्वतःसाठी वापर करून घेतो याकडेच पुराव्याचा जास्त कल आहे.

मधेच थोडक्यात सांगतो म्हणजे धागा सुटायचा नाही. कॅन्सर होण्याआधी ऑटोफॅजी आपल्या बाजूने, कॅन्सर झाल्यावर बऱ्याचदा त्याच्या बाजूने, आणि उपवासाचा सिग्नल कुठल्या पेशीला द्यायचा हे आपल्या हातात नाही.

आता अण्णांच्या बाबतीत. त्यांची गाठ ऑपरेशनमध्ये निघाली. ऑपरेशननंतर रेडिएशनसोबत केमो पण दिलीये याचा अर्थ रिपोर्टमध्ये काहीतरी जोखमीचं असणार, बहुतेक मानेच्या गाठीबाहेर कॅन्सर पसरलेला किंवा कापलेल्या कडेला पेशी सापडलेल्या, तुम्ही रिपोर्टमध्ये बघा. म्हणजे आपण आता मारतोय त्या डोळ्याला न दिसणाऱ्या उरलेल्या पेशी, ऑपरेशनच्या जागेतल्या, जिथे रक्तपुरवठा आधीच कमी झालेला असतो. रेडिएशन आणि सिसप्लॅटिन दोन्हींमुळे त्या पेशींना इजा होते आणि इजा झालेली पेशी सावरण्यासाठी काय करते, तर ऑटोफॅजी वाढवते. प्रयोगशाळेत सिसप्लॅटिनला दाद न देणाऱ्या पेशींमध्ये हे वारंवार दिसलंय. मग अशा वेळी आपणच बाहेरून तिला जोर द्यायचा हे कुठल्या हिशेबात बसतं?

दुसरी बाजू याहून वाईट आहे आणि तीच मी रोज डोळ्याने बघतो. उपवासाचा सिग्नल चांगला ऐकतात ते स्नायू. इन्सुलिन कमी झालं की स्नायूंमध्ये फॉक्स-ओ नावाचं प्रोटीन जागं होतं, ते ऑटोफॅजी पण वाढवतं आणि स्नायूतलं प्रोटीन मोडायची दुसरी यंत्रणा पण. कॅन्सरमध्ये गाठीमुळे आणि सुजेमुळे हे आधीच चालू असतं, त्याला कॅकेक्सिया म्हणतात. सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त वजन आपोआप गेलं तर ती त्याची खूण धरतात. अण्णांचे ५२ चे ४७ म्हणजे साडेनऊ टक्के झाले, तेही दोन महिन्यांत. ऑपरेशन, दुखणं, गिळायचा त्रास हे सगळं त्यात आलंच, पण स्नायू गेले ते गेले. तीन दिवस पाण्यावर ठेवलं तर ऑटोफॅजी होईल की, नक्की होईल, पण ती त्यांच्या दंडात आणि मांडीत होईल.

याचा रेडिएशनवर काय परिणाम होतो ते कुणी सांगत नाही म्हणून जरा नीट सांगतो. पहिल्या दिवशी अण्णांच्या चेहऱ्यावर गरम पाण्यातून काढलेली जाळीची प्लास्टिक शीट दाबून जो मास्क बनवला, तो त्यांच्या त्या दिवशीच्या चेहऱ्याच्या मापाचा आहे. त्याच मापावर सगळं प्लॅनिंग झालंय, किरण कुठे पडायचे, लाळेच्या ग्रंथी आणि मणक्यातली नस कुठे वाचवायची, सगळं मिलिमीटरमध्ये. वजन उतरलं की गाल आणि मान आत जातात, मास्क सैल पडतो, मशीनवर पडल्यावर डोकं आत हलायला लागतं. तंत्रज्ञ रोज बघतात, हनुवटीजवळ बोट जाईल एवढी जागा दिसली की मला बोलावतात, मग नवा मास्क, परत सीटी, परत प्लॅन, त्यात दिवस जातात. आणि रेडिएशनमध्ये दिवस गेलेले परवडत नाहीत. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या कॅन्सरच्या पेशी जास्त वेगाने वाढायला लागतात, त्यामागे त्याच ईजीएफआर सिग्नलचा हात असतो, म्हणून तर आम्ही सणवार, लग्न, पेरणी काही असलं तरी मधे खंड पाडू नका म्हणून मागे लागतो. उपवासाने चक्कर येऊन दोन दिवस यायचे राहिले तरी ते नुकसान भरून काढणं अवघड जातं.

आणि सिसप्लॅटिन. हे औषध किडनीला त्रास देतं, म्हणून त्याच्या आधी-नंतर सलाईन लावतात आणि भरपूर पाणी प्यायला सांगतात. निर्जळी एकादशी करून दुसऱ्या दिवशी सिसप्लॅटिन घेतलं तर क्रिएटिनिन (किडनीवर ताण आल्याची रक्तातली खूण) वाढून केमोच थांबवायची वेळ येऊ शकते. इथे ऑटोफॅजी वगैरे बाजूलाच ठेवा, एवढं एक कारण पुरे आहे.

आता प्रामाणिकपणे, जिथे परिस्थितीवर अवलंबून आहे ते पण सांगतो, कारण 'उपवास म्हणजे अंधश्रद्धा' असं मी म्हणणार नाही, हा संशोधनाचा गंभीर विषय आहे. नेदरलँड्समध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या १३१ स्त्रियांवर एक अभ्यास झाला, २०२० मध्ये छापला गेला. त्यात निम्म्यांना केमोच्या आसपास तीन-चार दिवस फार कमी उष्मांकाचा ठरवून दिलेला आहार दिला. स्कॅनवर गाठ आकसण्याचं प्रमाण त्या गटात जास्त दिसलं, पण गाठ पूर्ण नाहीशी होण्यात फरक पडला नाही, त्रासही एकूण कमी झाला नाही, आणि बऱ्याच जणींना तो आहार शेवटपर्यंत झेपला नाही. मुख्य म्हणजे आधीच बारीक असलेल्यांना त्यात घेतलंच नव्हतं. दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात रात्रीचं जेवण आणि सकाळच्या नाश्त्यात १३ तासांहून कमी अंतर ठेवणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर परत येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तो नुसत्या निरीक्षणाचा अभ्यास होता, त्यामुळे उपवासानेच फरक पडला असं म्हणता येत नाही, आणि १३ तास म्हणजे संध्याकाळी सात ते सकाळी आठ, तीन दिवस नाही.

म्हणून माझ्याकडे ७८ किलोच्या, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या ताई आल्या आणि म्हणाल्या की रात्री लवकर जेवू का, वजन कमी करू का, तर मी आनंदाने हो म्हणेन, शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्या बघून. तिथे इन्सुलिन कमी होणं फायद्याचंच आहे. पण तोंडाच्या कॅन्सरचा, बारीक अंगाचा, गिळता न येणारा पेशंट ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेली माणसं तोंडातली जखम तशीच घेऊन सगळा हंगाम काढतेत आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, दवाखान्यात येतात, तोपर्यंत निम्मं अंग उतरलेलं असतं. परदेशातल्या जाड माणसांसाठी बनवलेला सल्ला या माणसाला लावायचा नाही. आणि उंदरांचं तर सोडूनच द्या, उंदीर एक दिवस उपाशी राहिला तर त्याचं दहा टक्क्यांहून जास्त वजन जाऊ शकतं, त्यामुळे उंदराचे चोवीस तास आणि माणसाचे चोवीस तास सारखे नसतात. व्हिडिओत 'सोळाव्या तासाला ऑटोफॅजी सुरू' असं घड्याळ दाखवतात ना, माणसात ते तसं मोजायची कुठली साधी रक्ततपासणी दवाखान्यात नाहीये.

एक गोष्ट अजून. ऑटोफॅजी वाढवणारं औषध आमच्याकडे आहेच. ईस्टर बेटावरच्या मातीतल्या जिवाणूपासून रॅपामायसिन मिळालं, त्याच्यापासून बनवलेलं एव्हरोलिमस थेट एमटॉर दाबतं. किडनीच्या आणि काही स्तनाच्या कॅन्सरमध्ये २००९ ते २०१२ पासून ते वापरात आहे. त्याने काय होतं? आजार काही महिने रोखला जातो, ते मोलाचंच असतं, पण गाठ क्वचितच विरघळते, आणि त्याचं एक कारण हेच सांगितलं जातं की एमटॉर दाबल्यावर वाढलेली ऑटोफॅजी पेशीला तगवते. उपवासापेक्षा कितीतरी जोरदार सिग्नल देऊन एवढं होतंय, तर तीन दिवसांच्या पाण्याने कॅन्सर संपेल हे कसं मानायचं.

सिग्नल रोखून तोंडाच्या कॅन्सरमध्ये फायदा झाल्याचं उदाहरण हवं असेल तर ते आपल्या मुंबईतच आहे. टाटा हॉस्पिटलने ऑपरेशनपलीकडे गेलेल्या पेशंटमध्ये मेथोट्रेक्झेट, सेलेकॉक्सिब आणि ईजीएफआर रोखणारं अर्लोटिनिब या गोळ्यांसोबत निव्होलुमॅब (प्रतिकारशक्तीला थांबवणारा सिग्नल रोखणारं इंजेक्शन) फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहून कमी, दर तीन आठवड्यांनी दिलं. एक वर्षाने जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत १६.३ टक्के होतं, निव्होलुमॅब जोडलेल्यांत ४३.४ टक्के. अण्णांना आत्ता याची गरज नाही, त्यांचा उपचार बरं करण्याच्या हेतूने चालू आहे, पण सिग्नलवरचं विज्ञान कुठे खरंच कामी आलंय ते कळावं म्हणून सांगितलं.

आता खाण्याचं, कारण खरं काम तिथेच आहे. ४७ किलोला दिवसाला साधारण १४०० ते १५०० कॅलरी आणि ५५ ते ७० ग्रॅम प्रोटीन पाहिजे. तिखट, येसर आमटी, लिंबू, आंबट आंबील सध्या बंद. ज्वारीच्या कण्या दुधात मऊ शिजवून, मिक्सरमधून काढलेली मुगाची खिचडी वर दोन चमचे तूप, मिरची न घालता उडदाचं घुटं, अंडी चालत असतील तर रोज दोन-तीन, चांगली उकडून पातळ वरणात कुस्करून, नसतील चालत तर दूध, दही, सोयाबीनचं पीठ पेजेत. दोन अंड्यांत बारा ग्रॅम, पाव लिटर म्हशीच्या दुधात नऊ-दहा ग्रॅम प्रोटीन येतं, असा हिशेब मांडत जा. एकदम ताट पुढे ठेवू नका, दर दोन तासांनी वाटीभर. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा टाकून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या, आणि डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी. 'गिळताना जीव जातोय' हे वाक्य तुम्ही सहज लिहिलंय पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. अण्णा उपवास धरायचं म्हणतेत त्यात व्हिडिओचा वाटा कमी आणि दुखण्याचा जास्त आहे. दुखणं कमी केलं तर उपवासाचा विषय बहुधा आपोआप मागे पडेल. जिभेवर, गालात पांढरा थर दिसत असेल तर ती बुरशी असू शकते, औषधाने आठवड्यात फरक पडतो, ते दाखवा.

एकादशी मोडायची नाही असं म्हणत असतील तर मोडू नका. दूध, दही, राजगिऱ्याची खीर, शेंगदाण्याचं बारीक वाटलेलं कूट ताकात, हे सगळं उपवासाला चालतं आणि प्रोटीन पण आहे. फक्त निर्जळी नको आणि नुसत्या साबुदाण्यावर राहणं नको, त्यात प्रोटीन नसतंच म्हटलं तरी चालेल. आणि आजारी माणसाला व्रतात सूट असते हे माझ्यापेक्षा गावातल्या एखाद्या जाणत्या माळकऱ्याकडून त्यांना ऐकू द्या, ते जास्त पटेल.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचं. यातली गंमत लक्षात आली का तुमच्या, उपवास ऑटोफॅजी वाढवतो आणि ही गोळी ती बंद करते, लायसोसोममधलं आम्ल कमी करून. म्हणजे तुम्हाला एकाच वेळी दोन उलट सल्ले मिळालेत आणि दोन्ही कॅन्सर बरा होतो म्हणून. त्यातल्या त्यात गोळीमागचा विचार मला जास्त बरोबर वाटतो, वर सांगितलं त्यावरून तुम्हालाही वाटेल. पण स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोसोबत ती देऊन बघितली तेव्हा गाठी जास्त जणांच्या आकसल्या, आयुष्य मात्र वाढलं नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशनसोबत ती द्यावी असा आज कुठलाही नियम नाही. हृदयाच्या ठोक्यांवर तिचा परिणाम होतो, आणि सिसप्लॅटिनने पोटॅशियम-मॅग्नेशियम आधीच कमी झालेल्या माणसात तो धोका वाढतो. घरी कुणाच्या संधिवाताच्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्या तिथेच राहू द्या.

सोमवारी जाल तेव्हा गेल्या तीन आठवड्यांची वजनं एका कागदावर लिहून न्या, क्रिएटिनिन, पोटॅशियम, मॅग्नेशियमचा ताजा रिपोर्ट मागा, मास्क सैल झालाय का ते मशीनवरच्या तंत्रज्ञांना विचारा. आणि या आठवड्यात अजून किलोभर उतरलं असेल किंवा पातळही जात नसेल तर नाकातून नळी घालायचा विषय तुम्हीच काढा, डॉक्टर काढतील म्हणून वाट बघू नका. नळी घातली म्हणजे शेवट आला असं आपल्याकडे लई जण समजतात. तसं अजिबात नाही, ती महिना-दीड महिन्यासाठी असते, घरी असतानाही त्यातून दूध, पेज, औषधं देता येतात, आणि तोंड बरं झालं की काढून टाकतात.